हिरूची घागर

आमच्या गावाला कमान बांधली. गावात बायांना धड मुतारी नाही, पण कमान पाहिजे. आणि नुसती कमान नाही, वर दोन सिमेंटचे हत्ती पाहिजेत, सोंडा वर केलेले. गावातल्या कुत्र्यांना भाकर मिळत नाही आणि हे निघाले हत्ती पाळायला! माझा भाऊ प्रेमराज त्या हत्तींखाली छाती काढून फोटो काढून घेत होता, तेव्हाच मी म्हटलं, झालं, याचं डोकं कामातून गेलं.

प्रेमराज माझ्याहून धाकटा. हायस्कुलात हेडमास्तर होता, आता रिटायर झालाय आणि गाव त्याला नाना म्हणतं. मी बेबाबाई. मला धरणगावला दिली, नवरा वारला, तेव्हापासून मी तिथे पिठाची गिरणी चालवते. गिरणीच्या आवाजात बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय. जीभही मोठी आहे म्हणतात लोक. म्हणोत बापडे.

तर आमचं गाव हिरूखेडे. एरंडोलच्या रस्त्याला फाट्यावर उतरलं की आत चालत जाण्याइतकं. हे नाव कसं पडलं ते आमच्याकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक आहे. हिरू म्हणून एक बाई होती. नवऱ्याने मारमार मारलं तेव्हा ती उठून माहेरी आली आणि म्हणाली, मी आता जात नाही. भावांना ती घरात नको होती. त्यांनी नाल्यापलीकडची बरड जमीन तिच्या अंगावर फेकली, जा म्हणाले, खा दगडं. हिरूने तिथे विहीर खोदली आणि तिला पाणी लागलं. पुढे भावांच्या विहिरी आटल्या तेव्हा तेच भाऊ हंडे घेऊन तिच्या दारात आले, आणि एकेक घर करत नाल्याच्या या बाजूला वस्ती झाली. ते हिरूचं खेडं. नवऱ्याकडे न गेलेल्या बाईचं गाव. एवढा सरळ अर्थ आहे, यात कुणाला लाज वाटायचं काय कारण?

पण वाटली ना. रिटायर झालेल्या माणसाला लाज वाटायला वेळच वेळ असतो. लग्नाच्या पत्रिकेवर गावाचं नाव छापताना म्हणे पाहुणे विचारतात, ही हिरू कोण? मग प्रेमराजने गाव गौरव समिती काढली आणि धुळ्याहून एक संशोधक आणला. हितेंद्र सर. कुठल्याशा कॉलेजात शिकवतो. वैशाखात जाकीट घालतो, त्यावरूनच काय ते समजा. त्याने ओट्यावर बसून आमच्या वहिनीच्या हातचे मांडे आणि आमरस हाणला, ढेकर दिला आणि सांगितलं की गावाचं मूळ नाव हिरण्यखेट. हिरण्य म्हणजे सोनं. यादवांच्या काळात इथे सोन्याची बाजारपेठ होती.

"कुठे?" मी विचारलं. "नाल्यात?"

"अक्का, ताम्रपट होता," प्रेमराज म्हणाला.

"होता म्हणजे? आता कुठे आहे?"

"गहाळ झाला."

"आणि हिरू?"

हितेंद्र सरांनी चष्मा पुसला. "हिरू नावाची स्त्री असल्याचा काहीही पुरावा नाही, ताई. ती अडाणी लोकांची कल्पना आहे."

बघा आता. हरवलेला ताम्रपट हा पुरावा, आणि जिच्या विहिरीचं पाणी पिऊन याने आत्ता ढेकर दिला ती बाई कल्पना! मला असा संताप आला की त्याच्या वाटीतला उरलेला आमरस उचलून आत न्यावा. पलीकडे एदलाबादचं नाव बदललं तेव्हा मुक्ताईचं नाव दिलं, बाईचं नाव दिलं. आणि आमच्या शहाण्यांना होतं ते बाईचं नाव पुसायचंय. एरंडोलला पांडव येऊन गेले म्हणतात, मग आपल्याकडे निदान यादव तरी पाहिजेत, अशी ही सगळी शेजाऱ्याशी चढाओढ.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. कमानीवर काहीही लिहा, कंडक्टर 'हिरूखेडे फाटा' असंच ओरडणार आहे. पण त्या घरात माझी भाची होती.

रूपाली, प्रेमराजची एकुलती एक. धुळ्याला दिलेली. सासरा लोटनआबा, खताबियाण्यांचं दुकान, घरात सगळं भरलेलं, आणि नवऱ्याचं नाव समाधान. नावाला हसावं की रडावं! होळीच्या आधी पोरगी एक पिशवी घेऊन एसटीने एकटी आली. आली ती डाव्या बाजूने हाक मारली तर वळेना. समाधानने कानाखाली अशी वाजवली होती की तो कान गेला. जळगावच्या डॉक्टरने मशीन लावून पाहिलं आणि सांगितलं, आता काही होणार नाही.

आणि तिचा बाप, शाळेत पोरांना सुविचार लिहायला लावणारा हेडमास्तर, तिला काय म्हणाला? म्हणाला, "बेटा, या कानाने ऐकायचं आणि त्या कानाने सोडून द्यायचं. संसार असाच होतो."

मी तिथे होते. मी म्हटलं, "प्रेम्या, तिला त्या कानाने ऐकूच येत नाही रे, सोडेल काय?" तर मलाच म्हणतो, अक्का, तू मध्ये पडू नको, समाजात तोंड दाखवायचंय मला. वहिनी, यशोदाबाई, चुलीपुढे बसून पदर तोंडात धरून रडत होती. तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. लग्न झाल्यापासून फुटला नव्हता.

शेवटी ठरलं असं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कमानीचं उद्घाटन, त्याला व्याही गाडी घेऊन येतील, मानपान होईल आणि जाताना रूपालीला घेऊन जातील. प्रेमराजने हे मला अशा थाटात सांगितलं जणू फार मोठा डाव टाकलाय. रूपाली झोक्यावर बसली होती, निंबाला आखाजीचा झोका बांधतात ना, त्यावर. मी जवळ गेले तर उजवा कान माझ्याकडे करून म्हणाली, "आत्या, एक कान उरलाय माझा."

मी तिला धरणगावला नेते म्हटलं, तर प्रेमराज म्हणाला, नेलीस तर ते तिथून ओढून नेतील आणि मी काही म्हणणार नाही.

आता आमच्या आखाजीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आखाजीला सगळ्या खान्देशात पितरांच्या नावाने घागर भरतात. उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट लावायचं आणि एकेका पितराचं नाव घ्यायचं. बोट पुरुष लावतो, नावं बाई घेते, आमच्याकडे तरी तसंच आहे. पण हिरूखेड्यात घरची घागर भरायच्या आधी हिरूच्या विहिरीवर हिरूची घागर भरतात. ती आधी भरली, तिचं पाणी घरोघर शिंपडलं, तरच बाकीच्या घागरी पितरांना पोचतात. आणि ती भरते गावची लेक. कुठलीही लेक नाही. जिला सासरी परत जायचं नाही ती. घागर डोक्यावर घेऊन तिला विचारायचं, कुठे जाशील, आणि तिने म्हणायचं, कुठेच नाही. एकदा ती बोलली की तिला 'जा' म्हणायचं नाही कुणी. बापाने नाही, भावाने नाही, सासरच्याने तर नाहीच. म्हटलं, तर त्या वर्षी गावातला एकही पितर पाणी पीत नाही.

आता कोण पोरगी चारचौघींत असं उभं राहील? आमच्या पिढीत ताईबाई तेवढी राहिली. विशीत तिने घागर भरली, सासर सोडलं, आणि मग दुसरी कुणी पुढे येईना म्हणून वर्षानुवर्षं तीच भरत आली. पोरींना वाटायला लागलं, ताईबाईचा नवस असेल काहीतरी.

आणि पुरुष? पुरुषांना यातलं ओ की ठो माहीत नाही. कारण आखाजीच्या दिवशी सकाळपासून आमचे पुरुष पत्ते कुटत बसतात. बापही कुटायचे, आजेही कुटायचे. विहिरीकडे बाया काय करतात हे बघायला एकही मर्द कधी वळला नाही. प्रेमराज पत्ते खेळत नाही, तो त्या वेळी पेपर वाचतो. त्याला एवढंच माहीत की ताईबाई कसलीशी पहिली घागर भरते.

यंदा ताईबाई पडली. खुब्याचं हाड मोडलं, खुर्चीवर बसून असते. तर समितीची ओट्यावर बैठक. हितेंद्र सर म्हणाले, कमान विहिरीला लागूनच आहे, ती विहीर म्हणजे सुवर्णकूप, तेव्हा उद्घाटनाला सुवर्णकलशाचं पूजन व्हावं, एखादी सुकन्या नऊवारीत कलश घेऊन आली तर फोटो छान येतील. माजी सरपंच पितांबर म्हणाला, तशी एक घागर आपल्याकडे आहेच की, ताईबाई भरायची ती. आणि माझा भाऊ, माझा विद्वान भाऊ, मांडीवर थाप मारून म्हणाला, "माझी रूपाली भरेल! व्याह्यांनाही बरं वाटेल, सुनेला मान मिळाला म्हणून."

मी तिथे सुपारी कातरत बसले होते. माझ्यासारखी बाई, जिला न बोलता घास उतरत नाही, मी गप्प बसले. मनात म्हटलं, वा रे हेडमास्तर! आत यशोदावहिनीच्या हातून वाटी पडल्याचा आवाज आला. ती या गावची सून असली तरी तिने किती आखाज्या पाहिल्यात.

संध्याकाळी सांजोऱ्या करताना मी रूपालीला सगळं सांगितलं. तिच्या हातातली लाटी तशीच राहिली.

"आणि बाबांना माहीत नाही हे?"

"तुझ्या बापाला ताम्रपट माहीत आहे."

ती पहिल्यांदा हसली, मग रडली. मी म्हटलं, "हे बघ, मी तुला ढकलत नाही. नुसती घागर भरून गप्प राहिलीस तरी चालेल, फोटो निघतील आणि गाडीत बसशील. बोलायचं की नाही ते तू ठरव." वहिनी मागे उभी होती. तिने सांजोऱ्यांचं ताट उचललं आणि जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

आखाजीच्या दिवशी ऊन असं की हत्तींचा रंग वितळेल. समितीने पत्त्यांवर बंदी घातली होती, त्यामुळे गावातला एकूण एक पुरुष टोपी घालून कमानीखाली हजर. पहिल्यांदाच. 'हिरण्यखेट' अशी सोनेरी अक्षरं, त्यावर झेंडूच्या माळा. लोटनआबा पुढच्या खुर्चीत, त्याच्या आणि प्रेमराजच्या गळ्यात हार. समाधान गाडी सावलीत लावून तिथेच मोबाइलवर बोट फिरवत उभा. कुणी एक साहेब आले, भाषण करून नारळ घेऊन घाईने गेले, त्यांना अजून दोन गावांना जायचं होतं.

मग हितेंद्र सरांनी माइक घेतला. विहिरीजवळ ताईबाई खुर्चीत बसवलेली, आणि बायांचा घोळका घरच्या रिकाम्या घागरी घेऊन उभा. रूपालीने विहिरीतून पाणी शेंदलं, घागर भरली, वर रीतीचं खरबूज ठेवलं आणि डोक्यावर घेतली. नऊवारीत पोरगी अशी शोभत होती की माझी दृष्ट लागेल म्हणून मी बोटं मोडली.

"आता आपण," सर म्हणाले, "लोकसंस्कृतीचा एक जिवंत नमुना ऐकणार आहोत." आणि त्या शहाण्याने माइक नेऊन दोघींच्या मधे धरला.

ताईबाईने मान वर केली. "कोनी घागर शे व माय?"

"हिरूनी," रूपाली म्हणाली.

"कथा जाशी?"

रूपालीने बापाकडे पाहिलं. बाप फोटोसाठी हसत होता. तिने गाडीकडे पाहिलं. मग मान सरळ केली.

"कथाच जावाव नही. मी परत जाणार नाही."

कर्णा कमानीवर हत्तीच्या पायाशी बांधला होता. नाल्यापलीकडच्या शेतातही ऐकू गेलं असणार. बायांमध्ये एक आवाज उठला, हुंदका म्हणा, हसू म्हणा, दोन्ही होतं. हितेंद्र सर टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं गाणं संपलं.

लोटनआबा उठला. "हे काय नाटक, नाना?"

"काही नाही हो आबा, प्रथा आहे नुसती, जुनी," प्रेमराज घाम पुसत म्हणाला. "रूपाली, ठेव ती घागर खाली. आणि जा, गाडीत—"

"प्रेमराज!" मी ओरडले. मला माइक लागत नाही. "तो शब्द पुरा केलास तर बघ. विचार या बायांना काय होतं ते."

विचारायची गरज पडली नाही. एकेका बाईने आपली रिकामी घागर जमिनीवर पालथी घातली. ठक, ठक, ठक. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मग कुणाकुणाच्या बायकोने त्याला कानात सांगितलं, पोचत नाही म्हणून, आणि चेहरे उतरत गेले. पितांबरचा बाप याच माघात वारला होता. नव्या पितराची पहिली आखाजी, घरी सगळे भाऊबंद जमलेले. तो तरातरा पुढे आला.

"नाना, माझा बाप यंदाचा आहे. तो तहानेला राहिला तर तुमची ही कमान मीच जेसीबी लावून पाडीन, सांगून ठेवतो."

"अरे पण पितांबर, हिरू वगैरे कुणी नव्हती. पुरावा—"

"पुराव्याला घाला चुलीत! घागर जाऊ द्या घरोघर!"

आदल्या दिवसापर्यंत हाच पितांबर सुवर्णकूप सुवर्णकूप करत होता. मला त्याचंही कौतुक नाही. पोरीचा कान गेला तेव्हा याला काही वाटलं नाही, बापाच्या घोटभर पाण्यासाठी मात्र जीव खालीवर झाला. पण कामाला आला, एवढंच.

लोटनआबाने हार काढून खुर्चीवर टाकला. जाताना म्हणाला, असलं गाव पाहिलं नाही. मी म्हटलं, "नाव वाचलं असतंत तर कळलं असतं, आबा. पण यांनी ते पुसून ठेवलं होतं." समाधानने गाडी इतक्या जोरात वळवली की कमानीच्या खांबाला घासली. रूपालीने तिकडे पाहिलं नाही. ती घागर घेऊन पहिल्या घरात शिरली होती.

घरोघर पाणी शिंपडून ती शेवटी स्वतःच्या दारात आली. प्रेमराज कुंकवाची वाटी घेऊन उंबरठ्याशी बसला होता. हार उतरला की माणूस किती लहान दिसतो! पहिलं बोट हिरूचं असतं, मग आजा, मग आमची आई. प्रेमराजने बोट कुंकवात बुडवलं आणि सवयीने वाट बघत बसला, वहिनी नाव घेईल म्हणून.

यशोदावहिनी काही बोलेना. त्याने वर पाहिलं.

"आज तुम्हीच घ्या," ती म्हणाली. लग्नानंतर मी तिचा आवाज इतका स्पष्ट पहिल्यांदाच ऐकला.

प्रेमराजने माझ्याकडे पाहिलं. मी कसली मदत करते! रूपाली उंबरठ्याबाहेर उभी, डोक्यावर घागर, पाणी पदरावर ठिबकत होतं. हिरूचं नाव घेतल्याशिवाय तिला आत येता येत नव्हतं, आणि आमच्या आईलाही पाणी मिळणार नव्हतं.

त्याने बोट टेकवलं आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"बाबा," रूपाली म्हणाली, "ऐकू नाही आलं. तुम्ही डाव्या बाजूला बसलात."

तो बराच वेळ तिच्या कानाकडे बघत राहिला. होळीपासून इतके दिवस पोरगी घरात होती, पण त्या कानाकडे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. मग उठला, वाटी घेऊन तिच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि पुन्हा बोट टेकवून त्याने नाव घेतलं.

माझी गिरणी चालू असती तरी मला ऐकू आलं असतं.